पन्हळीची मिठी

कुणाच्या घरी समाचाराला गेलं की माणसं मान खाली घालून बसतात. आमचे घरमालक वर बघत बसायचे. माझी रत्नागिरीला बदली झाली त्याच सुमारास गल्लीतले एक म्हातारे वकील गेले आणि मालकीणबाई मलाही बरोबर घेऊन गेल्या. आम्ही ओटीवर बसलो. वकिलांचा मुलगा डोळे पुसत सांगत होता की शेवटपर्यंत शुद्ध होती, पाणी मागितलं, चमच्याने दिलं. आमचे मालक वळचणीकडे बघत होते. ते अगदी कळवळून म्हणाले, "पाणी मागे येतंय हो तुमच्याकडे. पन्हळीला उतार कमी पडलाय." मुलाने रडता रडता वर बघितलं आणि म्हणाला, "हो ना, बाबाही तेच म्हणायचे." मग दोघं उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

मालक कोर्टात नाझर होते. मी गेले तेव्हा निवृत्त होऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी, म्हणून मीही तेच म्हणू लागले. कोर्ट सुटलं तरी कोर्टाचा बंद गळ्याचा कोट सुटला नव्हता. भर वैशाखात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, ते कोट घालून बाहेर पडायचे, कारण त्याला खिसे भरपूर होते. त्या खिशांत पक्कड, सुतळी, रबराचे तुकडे आणि खिळे असत. बसले की ते वाजत.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, कोल्हापूरकडची, एकटी. मागच्या दोन खोल्या देताना भाऊंनी मला समोर बसवून अटी सांगितल्या. "मासळी घरात शिजवायची नाही. बाहेर खाऊन आलात तर आम्ही विचारणार नाही. आपण सांगू नये. हरकत आहे?" मी म्हटलं, नाही. "मग प्रकरण निकाली," म्हणाले, आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला. एक्स्चेंजमधल्या माझ्या एका मैत्रिणीचं घर मिरकरवाड्यात होतं, वडिलांची होडी होती. रविवारी मी तिच्याकडे पोटभर मासे खायची आणि परत येताना तोंडात लवंग धरायची. भाऊ कधी विचारायचे नाहीत, पण वहिनी दारातच मला वेलचीही द्यायच्या.

आता पन्हळीचं सांगते, कारण घाटावर राहिलेल्या माणसाला ते कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. कौलांवरून येणारं पाणी भिंतीच्या मुळाशी पडू नये म्हणून वळचणीला पत्र्याची लांब पन्हळ लावतात. ती पाणी झेलते आणि बाजूला नेऊन सोडते. आमच्या गल्लीत ती बारमाही ठेवत नसत. खारा वारा पत्रा खातो, म्हणून दिवाळीनंतर पन्हळी उतरवून माळ्यावर ठेवायच्या आणि मे महिन्यात पुन्हा चढवायच्या. तुकडे जोडायचे तर प्रत्येक सांध्याला कथील वितळवून डाग द्यायला पत्र्याचं काम करणारा मिस्त्री लागायचा. मे महिन्यात त्या मिस्त्रीचा जो भाव वाढायचा, तो हापूसचाही वाढत नसेल. मुलीचा बाप मुलाकडच्या मंडळींशी बोलतो तशा आवाजात लोक त्याच्याशी बोलायचे. तो हसून "उद्या येतो" म्हणायचा. भाऊंना हे फार लागायचं. "आयुष्यभर मी लोकांना तारखा दिल्या," ते म्हणायचे. "आता हा मला देतो."

या रागातून मिठी जन्माला आली.

मिठी हे नाव भाऊंचंच. पत्र्याची अर्धगोल पट्टी, आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर. पन्हळीच्या दोन तुकड्यांची तोंडं एकात एक सरकवायची, खालून ही पट्टी धरायची आणि पुढच्या कडेला असलेला खटका दाबायचा. खटका दाबला की पट्टी आवळली जायची, रबर सांध्यावर बसायचं आणि पाण्याचा थेंब बाहेर येत नसे. डाग नको, शेगडी नको, मिस्त्री नको. दिवाळीला खटका उघडा, पन्हळ सुटी. पहिला खटका भाऊंनी वहिनींच्या लग्नातल्या लोखंडी पेटीच्या कडीचा केला होता. ती पेटी पुढे कायम सुंभाने बांधलेली असायची आणि वहिनी आल्यागेल्याला ती दाखवायच्या.

नावाचा मात्र त्यांना मनस्ताप व्हायचा. भाऊ शिडीवर उभे राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "अहो, मिठी सैल झालीय, जरा धरा." वहिनी पदर तोंडाला लावून आत पळायच्या. "अहो, दुसरं काही नाव नाही का मिळालं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा भाऊ गंभीरपणे म्हणाले, "वस्तू जे करते ते तिचं नाव. कोर्टात खोटं नाव चालत नाही."

मिठीची पहिली परीक्षा आमच्या अंगणात झाली. भाऊ शिडीवर, हातात कळशी, खाली सगळी गल्ली. त्यांनी कळशी ओतली. पाणी पन्हळीतून सरळ गेलं आणि टोकाला मोगऱ्याच्या आळ्यात पडलं. सांध्याखाली भाऊंनी वर्तमानपत्र पसरलं होतं. ते त्यांनी उचलून सगळ्यांना दाखवलं, कोरडं. लोक खरोखर टाळ्या वाजवत होते. त्या मे महिन्यात गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराला भाऊंनी मिठ्या बसवून दिल्या. मिस्त्री एकदा सायकल थांबवून बघून गेला आणि म्हणाला, "बरा हाय भाऊ. आता पुढल्या सालापन तुमीच बघा."

सगळ्यात आधी मिठी मागितली ती शेजारच्या काकूंनी. काकू एकट्या राहायच्या. त्यांचं घर पुढून चिऱ्याचं होतं, पण स्वयंपाकघराची भिंत मातीची होती, आणि पाण्याची सगळी धार त्या भिंतीच्या बाजूला यायची. मुलगा मुंबईत दोन खोल्यांत राहायचा आणि दर गणपतीला आईला घेऊन जायचं म्हणून हटून बसायचा. चांगला मुलगा होता, काळजीपोटीच म्हणायचा. मागच्या वेळी काकूंनी त्याची कटकट मिटवायला शब्द देऊन टाकला होता की या पावसात भिंतीला काही झालं तर मी मुकाट तुझ्याबरोबर येईन. पूर्वी त्या एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. "तिथे दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार," त्या मला सांगायच्या. "आकाश बघायला खाली उतरावं लागतं. मला नाही जमायचं हो." त्यामुळे गल्लीत बाकीच्यांना मिठी ही गंमत होती. काकूंना ती गंमत नव्हती.

पाऊस लागला आणि मिठ्यांनी काम चोख केलं. भाऊ छत्री घेऊन रोज फेरी मारायचे. प्रत्येक घराच्या वळचणीखाली उभे राहून वर बघायचे आणि घरातल्यांना न विचारताच "उत्तम" म्हणून पुढे जायचे. एकच चिंता होती. खाऱ्या हवेत खटका गंजला तर दिवाळीला उघडणार कसा? यावर भाऊंनी तोच उपाय केला जो आमच्याकडे वहिनी कुलपापासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला करायच्या. त्यांनी खटक्यांना खोबरेल तेल लावलं. तेही हात आखडून नाही. "डोक्याला तेल नाही आणि पन्हळीला तेल," वहिनी बाटली उलटी करून दाखवायच्या.

मग उघाड पडली. लख्ख ऊन पडलं, आणि वानरं आली.

गल्लीत वानरं नेहमीच यायची, कौलांवरून उड्या मारून नारळांवर जायची. त्या दिवशी ती गेली नाहीत. एक मोठा हुप्प्या आमच्या पन्हळीशी बसला, त्याने मिठीचा वास घेतला आणि चाटायला लागला. वरचं तेल संपल्यावर खटक्याच्या खालचं तेल काढायला त्याने बोट घातलं. खटका उघडला. टक्क असा आवाज झाला. हुप्प्याला तो आवाज आवडला असावा, कारण तो पुढच्या मिठीकडे गेला. थोड्याच वेळात सगळी टोळी गल्लीभर टक्क टक्क करत सुटली आणि पन्हळींचे तुकडे धडाधड अंगणांत पडू लागले. बायका काठ्या घेऊन धावल्या. भाऊ मात्र कमरेवर हात ठेवून बघत उभे होते. चेहऱ्यावर दुःख औषधालाही नव्हतं. "बघा, बघा," ते मला म्हणाले. "डाव्या हाताने उघडतोय. खटका किती हलका झालाय."

गल्लीला हा आनंद झेपला नाही. संध्याकाळी ओटीवर बरीच माणसं जमली आणि त्यांनी भाऊंना नको ते ऐकवलं. मिस्त्रीकडे कुणीतरी जाऊन आलं. त्याने हसून "उद्या येतो" म्हटलं होतं. भाऊ सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाले, "प्रतिवादीची बाजू मी समजून घेतली आहे. मला मुदत द्या." त्या रात्री पुन्हा पाऊस आला आणि काकूंच्या भिंतीवर सरळ पडला. सकाळी भाऊ, वहिनी आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. भिंतीचा गिलावा एका जागी फुगला होता. काकूंनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अजून एक-दोन रात्री असं पाणी आलं तर बसेल ही."  त्यांनी बांधाबांधही सुरू केली होती. पितळेचे डबे घासून ओळीने उपडे घातले होते, बरोबर नेण्यासाठी.

त्या दिवशी पहिल्यांदाच मी भाऊंना वर न बघता चालताना बघितलं.

पन्हळ पुन्हा चढवली तर पुढच्या उघाडीला वानरं परत सोडवतात. तेल लावायचं नाही तर खटका गंजतो. तारेने बांधावं तर हुप्प्या तेलासाठी सगळी पन्हळच उपटतो. मशीनचं तेल लावून बघितलं, तर रबर फुगलं. रॉकेल पहिल्या सरीत वाहून गेलं. तिखट लावलं, तेही गेलं. भाऊ दिसेल त्याला थांबवून एकच प्रश्न विचारत होते. माकडाला काय आवडत नाही? दूधवाल्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं, देवळात गुरुजींना विचारलं. मलाही विचारलं, आणि मी विचार न करता बोलून गेले, "मिरकरवाड्यात माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची होडी पावसासाठी माडांखाली ओढून ठेवलीय. माडांवर वानरं असतात, पण होडीवर एक बसत नाही. होडीला ते कसलं तरी तेल लावतात."

बोलल्यावर मी जीभ चावली. मी मिरकरवाड्यात कशासाठी जाते हे आपण सांगायचं नव्हतं. भाऊंनी त्याकडे साफ दुर्लक्ष केलं. कोट चढवला, नाकाला रुमाल बांधला आणि म्हणाले, "चला, साक्षीदार दाखवा."

मिरकरवाड्यात भाऊंना कधी कुणी बघितलं नव्हतं. जाळी विणत बसलेल्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. मैत्रिणीचे वडील होडीच्या सावलीत विडी ओढत बसले होते. भाऊंनी रुमालातून विचारलं, "हे तेल कसलं?"

"मुशीचा," ते म्हणाले, म्हणजे शार्क माशाचं. "मुशीच्या काळजाचा. कीड लागत नाय, खारा पानी लागत नाय."

"पावसात जातं का?"

"होडी पान्यातच असते न्हवं."

"आणि माकडं?"

म्हाताऱ्याने विडी काढून त्यांच्याकडे बघितलं. "माकाड कशाला बसंल? माकडाला नाक नाय काय?"

भाऊंनी स्वतःचा रुमाल काढला आणि एक दीर्घ श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण चेहरा असा उजळला की मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी फार माया वाटली. "उत्तम," ते म्हणाले. "अतिशय घाण आहे."

तेलाचा डबा घेऊन आम्हाला एकही रिक्षावाला घेईना. एकाने घेतलं आणि चौकात उतरवलं. तेव्हा भाऊ डबा हातात धरून भर बाजारातून चालत निघाले. ओळखीची माणसं नमस्कार करायला जवळ येत आणि नमस्कार अर्धा सोडून मागे सरत. देवळातले गुरुजी भेटले. "भाऊ, हे काय?" भाऊ न थांबता म्हणाले, "पुरावा."

पण खरा निकाल भाऊंच्या हातात नव्हता. आमच्या घरचं सोवळंओवळं वहिनींपुरतं होतं आणि वहिनींना समजावता आलं असतं. काकूंचं कडक होतं. कांदासुद्धा त्यांच्याकडे शिजत नव्हता. त्यांच्या वळचणीला मुशीचं तेल लावायचं म्हणजे काय, हे सगळ्या गल्लीला कळत होतं. भाऊंनी डबा त्यांच्या फाटकाबाहेर ठेवला आणि अंगणात उभं राहून, कोर्टात बोलावं तसं, सगळं खरं सांगितलं. तेल कशाचं, कुठून आणलं, वास किती दिवस राहील. शेवटी म्हणाले, "पन्हळ वळचणीला आहे. वळचण घराबाहेर असते. माझं मत एवढंच. निर्णय तुमचा."

समुद्राकडून काळं भरून आलं होतं. काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग मागे वळून त्या उपड्या घातलेल्या डब्यांकडे.  मग वहिनींना म्हणाल्या, "तुम्ही लावणार का तुमच्याकडे?"

वहिनींनी पदर खोचला, फाटकाबाहेर जाऊन डबा उचलला आणि भाऊंच्या हातातली चिंधी काढून घेतली. "आधी आमच्याकडेच लावते," त्या म्हणाल्या. "आणि यांना शिडीवर चढवू नका, यांचा हात आखूड नाही, सगळं तेल एकाच खटक्याला संपवतील."

काकू उठल्या. "बाहेरून लावा," म्हणाल्या. "हात धुतल्याशिवाय आत येऊ नका."

मग जी धांदल उडाली ती मी विसरणार नाही. ओटीवर येऊन भाऊंना बोलून गेलेलीच माणसं पन्हळींचे तुकडे उचलत होती, मिठ्या पुसत होती, शिड्या धरत होती. वहिनी एका घराच्या शिडीवरून दुसऱ्या घराच्या शिडीवर, हातात चिंधी, नाकाला पदर. भाऊ खाली उभे राहून "मिठी घट्ट करा, मिठी घट्ट करा" म्हणून ओरडत होते आणि वहिनी लाजायच्या विसरून गेल्या होत्या. "झाली घट्ट," त्याही वरून ओरडायच्या. काकूंच्या वळचणीची शेवटची मिठी बसली आणि सर आली. आम्ही सगळे भिजत तिथेच उभे राहिलो. पाणी पन्हळीतून धावत गेलं आणि भिंतीपासून लांब, माडाच्या मुळात पडलं. सांध्याखाली एक थेंब पडला नाही. सगळी गल्ली मुशीच्या वासाने दरवळत होती आणि माणसं हसत होती.

हुप्प्या पुढच्या उघाडीला आला. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. तो काकूंच्या कौलावरून ऐटीत उतरला, मिठीपाशी बसला आणि खटक्याला बोट लावलं. बोट नाकाशी नेलं. मग त्याने जे तोंड केलं ते बघून भाऊ खिडकीत टाळी वाजवून नाचले, अक्षरशः नाचले, कोटासकट, खिशातले खिळे वाजवत. हुप्प्याने बोट कौलावर परत परत पुसलं आणि टोळी घेऊन वकिलांच्या माडांकडे निघून गेला. पन्हळी दिवाळीपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. दिवाळीला खटके बोटाने उघडले.

पण त्याआधी, पाऊस चांगला मुरल्यावर, एके दुपारी काकू एक्स्चेंजमध्ये आल्या. बरोबर भाऊ आणि वहिनी. तिघं आत आले आणि आमच्या सुपरवायझरबाईंनी मुकाट खिडकी उघडली. काकूंना मुलाला ट्रंक कॉल लावायचा होता, त्याच्या चाळीखालच्या दुकानात. मी लावला. मुलाला खाली बोलावेपर्यंत काकू रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. त्या आधी कधी फोनवर बोलल्या नव्हत्या, म्हणून मुंबईला थेट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलल्या.

"मी आई. हो, बरी आहे. भिंत उभी आहे. आतून हात लावून बघितला, कोरडी आहे. ऐकलंस ना? मी येत नाही. गणपतीला तूच ये, सुनेला घेऊन ये, आणि चांगला राहायला ये." पलीकडून तो काहीतरी बोलला असावा.  "वाईट काहीच नाही रे. घरभर मुशीच्या तेलाचा वास येतो तेवढा. येऊ दे. माझ्या घरात येतो."

त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला, पदराने डोळे पुसले आणि भाऊंकडे वळून म्हणाल्या, "चला हो, घरी भात टाकायचाय."